अण्णांचं लिंबू

माझी पीएच.डी. कशात आहे असं कुणी विचारलं की आई सांगते, "आमची रुद्राणी दगडाला आंबट लावून बघती." कॅल्साइट नावाच्या खनिजाचा पृष्ठभाग आम्लात कसा विरघळतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात मी विद्यापीठात चार वर्षं घातली, डोळ्यांचा नंबर वाढवला, जाडजूड प्रबंध लिहिला. आईनं तो एका वाक्यात बसवला. पूर्वी मी यावर चिडायचे. आता चिडत नाही, कारण त्याच चार वर्षांत तोच प्रयोग आमच्या गावच्या देवळात चालू होता. तिथला नमुना माझ्या नमुन्यांपेक्षा कितीतरी सुंदर होता आणि प्रयोग करणाऱ्याची निष्ठाही माझ्यापेक्षा मोठी होती.

प्रयोग करणारे होते आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सोमलिंग स्वामी. पाटोदा तालुक्यातल्या खडकगव्हाणच्या महादेवाचे पुजारी. ही पूजा आमच्या घराण्यात पणजोबांपासून चालत आलेली. गाभाऱ्याची किल्ली अण्णांच्या करगोट्याला असते आणि अंघोळीलासुद्धा ती सुटत नाही.

देवळातलं मूळचं लिंग काळ्या दगडाचं, साधं. मी बारावीत असताना बजरंगराव गव्हाण्यांनी त्यांच्या वरच्या रानात विहीर खोदायला घेतली. बजरंगराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे जमीनदार आणि गावाच्या मते भावी आमदार. हे भावीपण त्यांना बऱ्याच वर्षांपासून चिकटलेलं आहे. सुरुंग उडाला तेव्हा खडकाच्या पोटात एक पोकळी निघाली आणि पोकळीत काचेसारखे आरपार दिसणारे स्फटिक. त्यातला एक मुठीएवढा, उभा, वर निमुळता. विहिरीला पाणी लागलं नाही, देव लागला. बजरंगरावांनी वाजतगाजत तो देवळात आणून जुन्या लिंगाच्या जागी पिंडीवर बसवला, ट्रस्ट काढला, स्वतः अध्यक्ष झाले आणि पुढची जिल्हा परिषद निवडणूक जिंकले. उरलेले खडे त्यांनी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवले.

स्फटिकाचा चमत्कार असा, की त्याच्यामागं बेलाचं एक पान धरलं की समोरून दोन पानं दिसत. शिव आणि शक्ती, असं अण्णा सांगत. नवी जोडपी उंबऱ्यावरून वाकून बघत आणि लाजत. ती दोन पानं मीही पाहिली होती आणि हात जोडले होते. पुढं विद्यापीठात कॅल्साइटमधून एका रेघेच्या दोन रेघा दिसतात हे शिकले, परीक्षेत त्यावर उत्तर लिहिलं, चांगले मार्क मिळवले, आणि तेव्हाही मला देवळातलं पान आठवलं नाही. अण्णा त्याला स्फटिक म्हणत, म्हणून तो माझ्यासाठी स्फटिकच होता. आपल्याकडं परीक्षेतलं ज्ञान परीक्षेत राहतं आणि देवळातलं देवळात, आणि दोघांची गाठ पडत नाही म्हणून सगळ्यांचं बरं चाललेलं असतं.

मी बीडच्या कॉलेजात शिकवायला लागले त्या वर्षी ही गाठ पडली. आईचा फोन आला. आई फोनवर कधी रडत नाही, त्या दिवशी रडली. "ये बाई. अण्णाला गाव चोर म्हनायलंय."

झालं होतं असं. बजरंगरावांच्या बायकोनं, सत्यभामाकाकूंनी, देवाला चांदीचा टोप वाहिला होता. बसवला तेव्हा घट्ट बसलेला तो टोप आता हलायला लागला होता. एका सोमवारी आरती चालू असताना तो कलंडून खाली पडला आणि गावाला उघडा देव दिसला. पूर्वीपेक्षा बारीक, अंगानं दुधट. मागं पान धरलं तर दोन सोडाच, एकही धड दिसेना. सभामंडपात बैठक बसली. धोंडीरामतात्या आमच्या गावचे निवृत्त तलाठी. गावात काय चुकलं आणि कुणाचं चुकलं हे ठरवण्याचं काम निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःकडं घेतलेलं आहे.

"स्फटिक कदी झिजतो का बे?" त्यांनी सगळ्या गावाला विचारलं. "हिऱ्याचा भाऊ हाय त्यो! असली देव गेला इकून. ह्यो काचंचा गोळा हाय."

"स्वामी, कावून गप हाव तुमी?" बजरंगराव म्हणाले. "किल्ली तुमच्याच कमरंला असती."

अण्णा गप्प होते, कारण आपल्याला चोर म्हणतायत हे त्यांना लवकर कळलंच नाही. कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माज्याबिगर देवाला दुसऱ्या कुनाचा हात लागला न्हाई." ट्रस्टनं श्रावणाच्या पहिल्या सोमवारपर्यंत मुदत दिली. तोवर खरं-खोटं झालं नाही तर किल्ली द्यायची आणि पुजारी बदलायचा. अण्णांना दुसरं काही येत नाही. पण पोटाचा प्रश्न नव्हता, मी कमावत होते. किल्ली गेली असती तर ते नावापुरतेसुद्धा सोमलिंग स्वामी उरले नसते.

मी घरी पोचले तेव्हा अण्णा ओसरीत बसून वाती वळत होते.

"अण्णा, देवाला रोज काय काय लावता?"

"काय लावनार? पंचामृत. ट्रस्टनं सुरू केल्यापासून रोज हाय. दूध, दही, तूप, मध, साखर." मग त्यांचा चेहरा जरा खुलला. "तुपानं लई बुळबुळीत होतो बघ देव. पान्यानं निघत न्हाई. मंग मी काय करतो, अर्धं लिंबू घेतो आन् हलक्या हातानं चोळतो. असा चमकतो! लिंबू आपल्याच झाडाचं. बाजारचं न्हाई लावत मी देवाला."

दोन पानं, दुधट अंग, सैल टोप, लिंबू. चार वर्षं मी काचेच्या नळीतून आम्लाचे थेंब मोजून सोडले होते, आणि इथं अण्णा मोठ्या प्रेमानं अख्ख्या देवाला लिंबू चोळत होते. तो हिऱ्याचा भाऊ नव्हता. कॅल्साइट होता, चुनखडीच्या घराण्यातला.

चुलीपाशी जाऊन मी आईला सगळं सांगितलं. अण्णा चोर नाहीत हे मी दाखवू शकते. पण ते दाखवायचं तर देव कुणी झिजवला तेही दाखवावं लागेल.

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "सांग. चोर म्हनून मान खाली घालन्यापरीस रडल्यालं बरं. घरात बसून रडतील."

आता देवाला प्रयोगशाळेत नेता येणार नव्हतं आणि गाभाऱ्यात पुजाऱ्याशिवाय कुणी जायचं नाही हा ट्रस्टचा नियम. त्यावर आमच्या क्षेत्रात एक साधी युक्ती आहे. दगडाला बिनरंगाचं नेलपॉलिश लावायचं, वाळलं की त्याचा पापुद्रा सोलून घ्यायचा. पृष्ठभागावरचा प्रत्येक खड्डा त्या पापुद्र्यावर उमटतो. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा धोंडीरामतात्या उठून उभे राहिले.

"महादेवाला नखपालिश?"

"पार्वतीमायचं हाय म्हना की, भावजी," सत्यभामाकाकू बायकांतून म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला. बाटली नवी, न उघडलेली आणली. तिच्यावर गोमूत्र शिंपडलं. अण्णांनी देवाला नेलपॉलिश लावलं आणि वाळेपर्यंत मंत्र म्हटले. माझ्या गाईडना हे दिसलं असतं तर त्यांनीही मंत्र म्हटले असते.

आठवडाभर मी बजरंगरावांच्या कपाटातल्या एका खड्याला निम्म्या भागावर लिंबू आणि दही चोळलं होतं. काचेच्या पेल्यालाही तेवढंच चोळलं होतं. कॉलेजचा सूक्ष्मदर्शक मी सभामंडपात मांडला आणि त्याचा कॅमेरा ट्रस्टच्या मोठ्या टीव्हीला जोडला. टीव्ही गाभाऱ्यातली पूजा बाहेर दाखवायला आणलेला होता. सगळं गाव जमलं होतं.

आधी पेला दाखवला. सपाट, काही नाही. मग कपाटातला खडा. जिथं लिंबू लागलं नव्हतं तिथं साफ, आणि जिथं लागलं होतं तिथं खड्डेच खड्डे. शंकरपाळ्याच्या आकाराचे, एका कोपऱ्यात जरा गोलावलेले, आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. मग देवाचा पापुद्रा ठेवला. तेच शंकरपाळे, तीच दिशा, फक्त जास्त खोल. काही ठिकाणी दोन खड्डे एकमेकांत मिसळलेले.

"काच असती तर असे खड्डे पडले नसते," मी सांगितलं. "या दगडात कण ओळीनं रचलेले असतात. आंबट लागलं की रचनेत जिथं कच्ची जागा असेल तिथून एकेक कण सुटतो आणि खड्डा रचनेच्याच आकारात वाढत जातो. देव बदललेला नाही. विहिरीतून निघाला तोच आहे. तो विरघळलाय."

अण्णा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे होते.

"रुद्रे, ह्ये खड्डे लिंबानं?"

"हो अण्णा. थोडे दह्यानं."

"मंजे माज्या हातानं."

मला काहीही बोलता आलं असतं. हवामान म्हणता आलं असतं, जुना दगड म्हणता आलं असतं. पण मी त्या दिवशी शास्त्रज्ञ होते. मी हो म्हटलं. अण्णा बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले. खटला आम्ही जिंकला होता, आणि माझ्या बापाला मीच मारल्यासारखं मला वाटत होतं.

मंडपात मात्र बजरंगराव उभे राहिले होते. विहिरीतला देव चुनखडीचा निघाला हे ऐकून त्यांचा चेहरा पडला होता खरा, पण राजकारणातला माणूस फार वेळ पडलेला राहत नाही. त्यांनी माइक घेतला.

"मंडळी! देव चोरीला गेला न्हाई. मंग गेला कुटं? तीर्थात उतरला! आन् तीर्थ कुनी पेलं? तुमी-आमी पेलो. महादेव आपल्या पोटात हाय, आन् ह्ये ताईच्या यंत्रानं शिद्ध केलंय!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. धोंडीरामतात्या सगळ्यात आधी उठून अण्णांच्या पाया पडायला गेले. आठवडाभरात रस्त्यावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर पानांसारख्या खड्ड्यांचा फोटो, खाली "सूक्ष्मदर्शकात प्रकटले बेलपत्र" आणि कोपऱ्यात माझा चेहरा, माझ्या पदवीसकट. प्रबंध लिहून मला जी प्रसिद्धी मिळाली नव्हती ती नेलपॉलिशनं मिळवून दिली.

मग लिंबं यायला लागली. नेकनूरहून, परळीहून, कुठून कुठून माणसं यायची, प्रत्येकाच्या हातात लिंबू. नुसत्या पाण्याच्या तीर्थात आता कुणाला रस नव्हता. देव उतरलेलं तीर्थ पाहिजे होतं. अण्णांनी ट्रस्टपुढं हात जोडले. "आता नुसतं पानी आन् बेल वाहू. जेवढा उरलाय तेवढा राहू द्या."

"भक्तांचा हक हाय, स्वामी," बजरंगराव म्हणाले.

मी सांगायला गेले तर मला म्हणाले, "ताई, तुमीच तर दाखिवलं!"

म्हणजे चोर ठरले असते तर अण्णांची किल्ली गेली असती. निर्दोष ठरले म्हणून आता त्यांना रोज स्वतःच्या हातानं देव संपवावा लागत होता. ते लिंबाची साल खाली करून चोळायचे, रस देवाला लागू नये म्हणून. पण टीव्हीवर सगळं दिसायचं आणि मंडपातून कुणीतरी ओरडायचं, "स्वामी, दाबून चोळा की!" अण्णा दाबून चोळायचे आणि ओठातल्या ओठात माफी मागायचे. त्या तीर्थात कॅल्शियम भरपूर असणार. गावातल्या म्हाताऱ्यांची हाडं सुधारली असली तर देवाचीच कृपा.

घरी अण्णांनी लिंबू सोडलं. ताटात फोड दिसली तरी बोटानं बाजूला सारायचे. तो खड्ड्यांचा फोटो त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि घरातल्या देव्हाऱ्यात, शंकराच्या तसबिरीशेजारी ठेवला. रोज त्याला फूल वाहायचे. आई तेवढी परसातल्या त्या लिंबाच्या झाडाला अण्णांच्या नकळत पाणी घालायची.

देव सुपारीएवढा झाला. अण्णांनी तो तुकडा घरी नेऊ द्या म्हणून मागितला, तो मिळाला नाही. महाशिवरात्रीला तोही तीर्थात गेला. तीर्थासाठी चेंगराचेंगरी झाली, एकाचा पाय मुरगळला. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत.

नव्या देवाची सोय बजरंगरावांनी आधीच केली होती. हरिद्वारला जाऊन त्यांनी पुन्हा मुठीएवढाच, पण अस्सल स्फटिक आणला, डीजे लावून मिरवला, त्याच पिंडीवर बसवला. चांदीचा टोप नव्या मापाचा केला. बसवण्याआधी मी तो तपासला. या खेपेला खरोखर क्वार्ट्झ होता, गारगोटीच्या घराण्यातला. मी अण्णांना मुद्दाम सांगितलं, "याला लिंबानं काही होत नाही. दही लावा, चिंच लावा, काही होणार नाही." अण्णांनी मान डोलावली, पण माझ्यावर विश्वास ठेवला असं वाटलं नाही. लिंबू हातात घेतलं की त्यांची बोटं आखडायची. नुसतं टेकवल्यासारखं करून ते ठेवून द्यायचे.

वर्ष सरलं. नव्या देवाचं काहीच झालं नाही. टोप घट्टच्या घट्ट. अंग लख्ख. आणि पुन्हा बैठक बसली.

"झिजत न्हाई ह्यो," धोंडीरामतात्यांनी मुद्दा मांडला. "खरा असता तर झिजला नस्ता का? यंत्रानं शिद्ध झाल्यालं हाय, खरा देव झिजतो. ह्यो काचंचा हाय."

बजरंगरावांना हरिद्वारात कुणी फसवणं शक्यच नव्हतं. तसं म्हणायचीही कुणाची टाप नव्हती. म्हणजे त्यांनी आणलेला देव खरा होता, आणि मग तो नक्कीच कुणीतरी बदलला होता. किल्ली कुणाच्या कमरेला असते हे गावाला पाठ होतं.

बजरंगरावांचा मला फोन आला. "ताई, तुमचं ते यंत्र घिऊन या रविवारी. खड्डे दाखवा, मंजे मिटलं. न्हाईतर स्वामींना किल्ली द्यावी लागंल."

"काका, हा खरा स्फटिक आहे. खरा स्फटिक लिंबानं विरघळतच नाही. खड्डे पडणारच नाहीत."

"मंजे त्यो देव न्हाई म्हन्ता?"

विद्यापीठात मला बरंच काही शिकवलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर अभ्यासक्रमात नव्हतं.

रविवारी पुन्हा तोच मंडप, तोच टीव्ही, तीच नेलपॉलिशची बाटली. अण्णा खांबाला टेकून बसले होते. चार वर्षांत जेवढे म्हातारे झाले असते तेवढे ते या एका वर्षात झाले होते. त्यांनी किल्ली आधीच करगोट्यातून सोडून समोर फरशीवर ठेवली होती. ती बघून माझं डोकं फिरलं. गावावर फिरलं, बजरंगरावांवर फिरलं, आणि मागच्या खेपेला एवढ्या निर्मळ मनानं हो म्हणणाऱ्या माझ्यावर तर फारच.

मी पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि स्वतः आधी बघितलं. सपाट. आरशासारखं सपाट. मग कॅमेऱ्याची वायर टीव्हीला न जोडता लॅपटॉपची जोडली आणि जुना फोटो उघडला.

"हाय! हाय!" मंडप ओरडला. "बेल हाय!"

धोंडीरामतात्या टीव्हीपाशी जाऊन नाक लावून बघून आले. "झिजायलाय," त्यांनी जाहीर केलं. "हळूहळू झिजायलाय. खरा हाय."

पहिल्या खेपेला मी खरं सांगत होते तेव्हा मला तासभर समजावून सांगावं लागलं होतं. या खेपेला कुणी काहीच विचारलं नाही. बजरंगरावांनी किल्ली उचलून अण्णांच्या हातात दिली आणि फोटो काढून घेतला.

अण्णा मात्र टीव्हीकडं बघत होते. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात दोन खड्डे एकमेकांत मिसळलेले होते. तो कोपरा ते वर्षभराहून जास्त रोज बघत आले होते, फूल वाहत आले होते. त्यांनी पडद्याला हात जोडले आणि मग माझ्याकडं बघितलं.

घरी जाताना ते म्हणाले, "रुद्रे, त्यो आपला जुना देव हुता."

"हो अण्णा."

"मंजे तू खोटं बोलली."

"हो."

"नव्याला खड्डा न्हाई?"

"एकही नाही. रोज लिंबू चोळा, जन्मभर चोळा, तुमच्या हातानं त्याला काही होणार नाही."

या वेळी त्यांनी विश्वास ठेवला. खरं सांगितलं तेव्हा ठेवला नव्हता, खोटं बोलून आले तेव्हा ठेवला. अण्णांनी दोन्ही हात धोतराला पुसले.

घरी आईनं ताटं वाढली. वरण-भात वाढून झाल्यावर अण्णांनी ताटात इकडंतिकडं बघितलं.

"अगं, लिंबू हाय का?"

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग ती मागच्या दारानं झाडाकडं गेली.